पहिली कादंबरी: चौदाव्या प्रकरणात पाणी येत नाही

भीमाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. पहिली कादंबरी लिहायला घेऊन मला दोन वर्षे आणि सात महिने झाले. काल मोजले तेव्हा ६१,४०० शब्द भरले. तेरा प्रकरणे हातावेगळी झाली आहेत, आणि चौदावे गेल्या पाच महिन्यांत सात वेळा लिहून सातही वेळा बाजूला ठेवले आहे. माझी नोकरी पतसंस्थेत हिशेब पाहण्याची असल्यामुळे लिखाणासाठी पहाटे पाच ते सव्वासहा एवढाच वेळ मिळतो. तो मी आजवर चुकवलेला नाही, मात्र ऑगस्टपासून त्या वेळात नवे काही लिहून होत नाही. मी जुनेच खोडते आणि पुन्हा लिहिते.

विषय थोडक्यात सांगते. माझ्या आईचे माहेर करमाळा तालुक्यातले, भीमेच्या काठचे. उजनी धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले, धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि मधल्या काळात इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली अनेक गावे पाण्याखाली गेली. आईचे गाव त्यांपैकी एक. कादंबरीतले गाव काल्पनिक आहे. घरे, माणसे आणि भांडणे मात्र मी आई, मावशी आणि दोन मामा यांच्याकडून ऐकून ऐकून जमवली आहेत. कथा १९६५ च्या सुमारास सुरू होते. बाराव्या प्रकरणात मोबदल्याचे पैसे येतात, तेराव्यात भाऊबंदकी पेटते आणि चौदाव्यात पाणी येते. ते पाणीच मला लिहिता येत नाही. सातही खर्ड्यांत मुसळधार पावसाची रात्र आहे, कुणीतरी देवळातली घंटा बडवतो, माणसे कंदील घेऊन धावतात, म्हातारी उंबऱ्यावर बसून राहते. वाक्ये वाईट नाहीत. पण वाचून झाल्यावर मला प्रत्येक वेळी वाटते की हे मी कुठेतरी पाहिले आहे आणि ते माझ्या आईचे गाव नव्हते.

ज्यांनी मोठे काही लिहून तडीस नेले आहे, त्यांनी अशा ठिकाणी काय केले, हे जाणून घ्यायचे आहे. आणि त्या भागातले कुणी येथे असेल, तर माझी माहिती कोठे चुकते तेही कृपया सांगावे.

उत्तररात्र

माझ्या दोन कादंबऱ्या प्रकाशित आहेत आणि तिसरी चार वर्षांपासून अडकलेली आहे, त्यामुळे अधिकाराने नव्हे तर सोबतीने लिहितो. पाणी कसे आले, याआधी ते कोण पाहते आहे, हा प्रश्न सोडवावा लागेल. तुम्ही व्यक्तिगत निरोपातून पाठवलेली पहिली पाच प्रकरणे मी वाचली. पहिल्या प्रकरणात निवेदक आजीच्या चुलीजवळ आहे, दुसऱ्यात तो गावावरून घिरट्या घालणाऱ्या घारीसारखा आहे, तिसऱ्यात तो थेट कचेरीत जाऊन बसतो आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याची कलमे, नोटिसा, निवाडे आणि १९७६ चा पुनर्वसन कायदा समजावून सांगू लागतो. पाचव्यात पुन्हा चूल. असा जागा बदलणारा निवेदक छोट्या प्रसंगांत खपून जातो, कारण तेथे माणसे बोलत असतात आणि वाचक त्यांच्याकडे पाहतो. मोठा प्रसंग आला की निवेदकाला पाय रोवून एका जागी उभे राहावे लागते, आणि तुमच्या निवेदकाला उभे राहायला जागाच नाही. म्हणून तो जी रात्र सर्वांना ठाऊक आहे तीच सांगतो.

दुसरे असे की तिसरे प्रकरण काढून टाकावे. नऊ हजार शब्दांचे ते प्रकरण कष्टाने लिहिले आहे, हे दिसते. पण तेथे कादंबरी थांबते.

भीमाकाठ

निवेदकाबद्दल तुम्ही म्हणता ते मनाला लागले, आणि पटलेही. तिसऱ्या प्रकरणाबद्दल मात्र मला माझी बाजू मांडू द्या. मामांकडे नोटिसांची, निवाड्यांची आणि जुन्या सातबाऱ्यांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यातला एकेक कागद मी तीन उन्हाळ्यांत वाचला. त्या कागदांवर माझ्या पणजोबांचा अंगठा आहे, आणि त्या अंगठ्याच्या वर जे लिहिले आहे ते त्यांना कुणी वाचून दाखवले की नाही, हे आजही घरात कुणाला माहीत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला उजनी म्हणजे पाऊस लांबला की बातम्यांत येणारी टक्केवारी. धरण ‘शून्य टक्के’ झाले असे म्हणतात तेव्हाही त्यात सुमारे ६३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचे पाणी, असतो आणि त्याच्याही खाली पातळी गेली की ‘उणे’ टक्के मोजतात, एवढी साधी गोष्ट कित्येकांना ठाऊक नसते. एकूण ११७ टीएमसीच्या त्या पाण्याखाली कुणाचे काय होते, हे सांगितल्याशिवाय मी पुढे कशी जाऊ?

उत्तररात्र

सांगू नका असे माझे म्हणणे नाही. तुम्ही आत्ता दोन ओळींत पणजोबांच्या अंगठ्याविषयी जे लिहिलेत, ते त्या नऊ हजार शब्दांत कोठेही नाही. एवढेच.

जुना रूळ

माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि माझे बालपण दौंड ते सोलापूर या पट्ट्यातल्या रेल्वेच्या खोल्यांत गेले. धागाकर्तीने दहावे आणि अकरावे प्रकरण वाचायला दिले होते, त्यातल्या दोन गोष्टी लिहितो.

अकराव्या प्रकरणात धाकटा काका मे १९७४ च्या दुसऱ्या आठवड्यात पॅसेंजरने पुण्याला मुलाखतीसाठी जातो. ८ मे १९७४ रोजी देशभरातल्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि तो २७ मे रोजी मागे घेतला गेला. काही गाड्या चालवल्या गेल्या, परंतु आडस्टेशनावर उभे राहून पॅसेंजरची वाट पाहणाऱ्या माणसाला त्या दिवसांत गाडी मिळेलच असे कुणीही सांगू शकले नसते. तारीख बदलता येईल. पण मी लेखक असतो तर बदलली नसती. मुलाखतीचे पत्र हातात आहे आणि गाडी नाही, यातच त्या काकाचे पुढचे आयुष्य ठरू शकते.

दुसरी गोष्ट त्याच्या मित्राची. तो १९७५ मध्ये स्वतःला ‘मध्य रेल्वेचा माणूस’ म्हणवतो. सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत होता आणि १९७७ मध्ये तो परत मध्य रेल्वेत आला. माझ्या वडिलांच्या पगारपत्रकाचे कागद त्यामुळे मुख्यालयाच्या, म्हणजे सिकंदराबादच्या नावाने येत. सामान्य वाचकाच्या लक्षात हे येणार नाही, परंतु रेल्वेच्या घरात वाढलेला वाचक तेथेच पुस्तक मिटेल. शिवाय जुना लोहमार्गच धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्यात गेला, पोमलवाडीचे जुने स्टेशन पाण्याखाली गेले आणि गाड्यांसाठी मार्ग दुसरीकडून टाकावा लागला, हे तुमच्या या दोन प्रकरणांत एकदाच, तेही ओझरते आले आहे. ज्या रुळावर वडिलांनी पंधरा वर्षे हातोडा घेऊन पायी फेऱ्या मारल्या, तो रूळ उखडायला त्यांनाच पाठवले होते. त्या दिवशी ते घरी आल्यावर जेवले नाहीत. हवे असेल तर हे घ्यावे, माझी काही हरकत नाही.

भीमाकाठ

काका, संपाची तारीख मी तपासलीच नव्हती, याची मला खरोखर खंत वाटते. १९७२ च्या दुष्काळाबाबत मी फार जपून होते. दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी आणि रेशनचा तांबडा मिलो (परदेशी ज्वारी) एका प्रसंगात एक वर्ष आधी आले होते, ते मावशीने दाखवल्यावर दुरुस्त केले. तुम्ही म्हणता तसे काकाला मी आता स्टेशनवरच बसवून ठेवणार आहे. आणि तुमच्या वडिलांविषयी जे लिहिलेत ते असेच्या असे उचलायला माझा हात धजणार नाही. पण रूळ उखडण्याचे काम माझ्या गावातल्या कुणाच्या तरी वाट्याला येईल.

गाळपेर

मी उजनीच्या धरणग्रस्त कुटुंबातला. पाणी आले तेव्हा मी नवव्या इयत्तेत होतो. हा धागा माझ्या मुलीने दाखवला. ताई, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की तुम्ही लिहिता तशी रात्र आमच्या गावी झालीच नाही.

पाणी नदीकडून येईल असे आम्ही धरून चाललो होतो, कारण पूर नेहमी नदीकडून येतो. ते आले गावाच्या मागच्या ओढ्यातून. धरणात पाणी तुंबले की ते आधी ओढ्या-नाल्यांच्या मुखातून आत शिरते. त्यामुळे एरवी नदीकडे वाहणारा आमचा ओढा त्या श्रावणात उलटा वाहतो आहे असे दिसू लागले. त्याला आवाज नव्हता. पुराला आवाज असतो, त्याचा रंग गढूळ असतो, त्यात झाडे वाहून येतात. हे पाणी सकाळी पाहावे तर कालच्यापेक्षा वीतभर पुढे आलेले असे आणि काठाशी नुसते उभे असे. माझे आजोबा रोज एक खुंटी ठोकायचे. विहिरी त्याच्याही आधी भरल्या; ज्या विहिरीला बारा परस खाली पाणी असायचे, तिच्यात हाताने तांब्या बुडवता यायला लागला आणि बायका आनंदल्या. हा आनंद आठ-दहा दिवस टिकला. मग बिळांतून साप, विंचू आणि घुशी निघून उंचवट्यावर आल्या, म्हणजे आमच्या घरांकडे आल्या.

त्या वर्षी पाणी वेशीपर्यंत येऊन थांबले. धरण पुरे बांधून व्हायचे होते. पुढे ते मागे सरले आणि खाली मऊ गाळ उघडा पडला. मोबदला घेऊन झाला होता, जमीन कागदोपत्री सरकारची झाली होती, तरी आम्ही तिच्यात हरभरा टाकला, आणि तसा हरभरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. माझे नाव मी त्यावरूनच घेतले आहे. पुढच्या वर्षी पाणी वेशीच्या आत आले, पुन्हा मागे गेले. आम्ही दोनदा गाव सोडले आणि दोनदा परत गेलो. तिसऱ्या वर्षी गेलो नाही. त्यामुळे गाव कोणत्या दिवशी बुडाले असे मला कुणी विचारले, तर मला तारीख सांगता येत नाही, आणि माझ्या वयाच्या कुणालाही सांगता येणार नाही.

बोलीबद्दलही एक सांगायचे आहे. तुमच्या संवादांत पडद्यावरची सरसकट ‘गावाकडची’ भाषा आली आहे. प्रत्येक जण ‘नाय’ म्हणतो. आमची आजी ‘न्हाई’ म्हणायची, आजोबा शाळेत गेलेले म्हणून ‘नाही’ म्हणायचे, आणि रागावले की तेही ‘न्हाई’ म्हणायचे. आईला विचारून पाहा.

भीमाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद मी परवा रात्री वाचला आणि काल पहाटे काहीही लिहिले नाही. अडीच वर्षांत पहिल्यांदाच ती वेळ मी रिकामी घालवली.

माझ्या कादंबरीचा सगळा उतार त्या एका रात्रीकडे होता. तेरा प्रकरणांत मी जे जे पेरले, म्हणजे म्हातारीचा हट्ट, देवळातली घंटा, भावाभावांतले अबोले, ते सारे त्या रात्री एकदम फुटावे असा बेत होता. ती रात्रच नसेल तर हे सर्व कोठे जाऊन टेकणार, या विचाराने मी हबकले. संध्याकाळी आईला फोन केला आणि पहिल्यांदाच ‘पाणी कसे आले’ असे न विचारता ‘तुम्ही किती वेळा परत गेलात’ असे विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “हे तुला कुणी सांगितलं?” त्यांच्या घरचे लोकही परत गेले होते. हे तिने मला कधी सांगितले नव्हते, कारण मोबदला घेऊन पुन्हा त्याच रानात पेरले याची तिच्या वडिलांना शेवटपर्यंत लाज वाटत होती.

नंतर तिने घर उतरवण्याची गोष्ट सांगितली. त्यांचे घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे होते, सहा खणांचे (दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण). आधी वरची पांढरी माती काढून पाट्यांनी खाली टाकली, मग तुळया उतरवल्या. नव्या गावठाणात घर तसेच्या तसे उभे करायचे म्हणून सुताराने सातही तुळयांवर क्रमाने आकडे घातले. नव्या जागेत मात्र पैसे पुरले नाहीत आणि चार खणांचेच घर झाले. पाच तुळया लागल्या. सहावी विकली. सातवी आजही आजोळच्या दारात पडलेली आहे आणि तिच्यावर बसून सगळे चहा पितात. मी लहानपणापासून तिच्यावर बसत आले आहे, आणि ती कशाची आहे हे मी एकदाही विचारले नव्हते.

उत्तररात्र

चौदावे प्रकरण लिहू नका. काही दिवस थांबा आणि पहिल्या प्रकरणाकडे परत जा, कारण तुळई तेथे हवी. घराच्या आत, डोक्यावर, कुणाचेही लक्ष नसताना.

कानामात्रा

मी बत्तीस वर्षे मुद्रितशोधन केले. धागाकर्तीने मला पहिली सहा प्रकरणे शुद्धलेखनाच्या दृष्टीने पाहण्यासाठी दिली होती, त्यासंबंधी येथेच लिहितो, कारण इतर नवोदितांनाही त्याचा उपयोग होईल.

ही प्रकरणे कुणा टंकलेखकाकडून जुन्या, यूनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप करून घेतलेली होती आणि नंतर रूपांतर करून यूनिकोडमध्ये आणली आहेत. अशा रूपांतरात सर्वात आधी बळी जातो तो ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ यांचा. ‘दुसऱ्या’ या शब्दाचे ‘दुसया’ झाले आहे, ‘खऱ्या’चे ‘खया’, ‘तऱ्हे’चे ‘तहे’. सहा प्रकरणांत अशी २१४ ठिकाणे मला सापडली. संगणकाच्या शोधात ‘रया’, ‘सया’, ‘खया’ असे तुकडे घालून ती एकेक करून सोडवावीत. सरसकट बदल करण्याच्या आज्ञेवर विसंबू नये, कारण ‘विषया’सारखे निर्दोष शब्दही त्यात सापडतात आणि बिघडतात.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यांनुसार निवेदनात ‘गेले, केले, असे’ ही रूपे येतात आणि संवादात बोलण्याचा सूर दाखवायचा असेल तर ‘गेलं, केलं, असं’ हे शीर्षबिंदूसह लिहिता येते. आपल्या हस्तलिखितात एकाच परिच्छेदात ‘पाणी आले’ आणि ‘पाणी आलं’ अशी दोन्ही रूपे आहेत. मी हे चूक म्हणून खुणावून ठेवले होते. वरील चर्चा वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की ही केवळ शुद्धलेखनाची बाब नाही. जेथे आपला निवेदक चुलीजवळ असतो तेथे आपल्या हातून ‘आलं’ उमटते आणि जेथे तो कचेरीत जातो तेथे ‘आले’ उमटते. आपण निवेदक एकदा ठरवलात की बिंदू आपोआप जागेवर बसतील. चांगल्या संपादकांचे काम मी जवळून पाहिले आहे. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळी संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी ज्या बारकाईने पत्रव्यवहार करीत, त्याची माहिती आमच्या पिढीला होती. तेथेही चर्चा बहुधा एखाद्या शब्दापासून सुरू होऊन लेखकाच्या दृष्टीपर्यंत जात असे.

दूरदेशी

मी गेली एकोणीस वर्षे टोरांटोमध्ये राहते आणि चाचणीवाचक म्हणून मला पहिली चार प्रकरणे मिळाली होती. तिसरे प्रकरण मी निम्म्यावर सोडले आणि तरी चौथे पूर्ण समजले, हे प्रांजळपणे सांगते. ‘खण’ आणि ‘माळवद’ हे शब्द मला अडले, कारण मी कोकणातल्या कौलारू घरात वाढले. पण शेवटी शब्दार्थांची यादी देऊ नये. म्हातारी माळवदावर मिरच्या वाळत घालते आणि पाऊस आल्यावर ओरडते, त्या प्रसंगात छप्पर सपाट असते हे मला कळलेच.

पाटीपेन्सिल

मी याच वाटेवर आहे, फक्त बराच मागे. एक विषयाला धरून शंका विचारतो. कादंबरी पूर्ण झाल्यावर पुढे काय? एका प्रकाशकाने माझे तीस पानांचे टिपण वाचून आठ दिवसांतच होकार कळवला, आणि सोबत छपाईचा निम्मा खर्च मागितला. पुस्तक न वाचताच आलेला होकार मानावा की नाही?

उत्तररात्र

मानू नये. जो खर्च मागतो तो प्रत्येक जण लबाड असतो असे नाही, आणि स्वखर्चाने पुस्तक काढण्यात काही कमीपणाही नाही. पण मग निर्णय पूर्ण माहितीनिशी घ्यावा. किती फर्म्यांचे पुस्तक (सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे २४० पानांचे पुस्तक पंधरा फर्म्यांचे), किती प्रती, कागद कोणता, मुद्रितशोधन कोण करणार, विक्री न झालेल्या प्रती कुणाच्या ताब्यात राहणार, हे सर्व लेखी घ्यावे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे, तिची माहिती काढावी. आणि संहिता पूर्ण होईपर्यंत कुणालाही टिपण पाठवू नये. प्रकाशकाचा होकार किंवा नकार हाती आला की लिहिण्याची दिशा नकळत बदलते, हे मी माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी अनुभवले आहे.

भीमाकाठ

साडेतीन महिन्यांनी परत येत आहे. या काळात काय झाले ते लिहिते.

तिसरे प्रकरण काढले. ते फाडून टाकले नाही, वेगळ्या फाइलमध्ये ठेवले आहे. त्यातून पत्र्याची पेटी, अंगठा आणि एक नोटीस एवढे तीन प्रसंग इतर प्रकरणांत गेले, मिळून अकराशे शब्द. उत्तररात्र यांच्याशी माझा मतभेद अजूनही पुरता मिटलेला नाही. वाचकाने त्या कागदांपुढे थोडे कंटाळावे, जसे पणजोबा कचेरीच्या बाकावर कंटाळले असतील, असे मला अजून वाटते. पण नऊ हजार शब्द कंटाळण्याचा हक्क मला अद्याप मिळालेला नाही.

निवेदक आता ‘आम्ही’ आहे. गावातली त्या वेळची मुले, वय साधारण सात ते चौदा. ती कचेरीत जात नाहीत, पण मोठी माणसे परत आल्यावर जे बोलतात ते ऐकतात. त्यांना निवाडा म्हणजे काय हे कळत नाही, आणि घरात कुणी जेवले नाही हे मात्र कळते. त्यामुळे पहिल्यापासून सर्व पुन्हा लिहावे लागत आहे. ६१,४०० शब्दांचे सध्या ३८,००० झाले आहेत. हिशेबाच्या माणसाला हा आकडा पाहणे जड जाते. पहिले दोन आठवडे तर मी शब्द मोजणेच बंद केले होते.

एक रात्र जाऊन तीन वर्षे आली. चौदाव्याऐवजी आता तीन प्रकरणे असतील आणि प्रत्येकात पाणी थोडे पुढे येऊन मागे जाईल. म्हातारी उंबऱ्यावर बसणार नाही. ती पहिल्या वर्षी सर्वांच्या आधी गाव सोडते आणि दुसऱ्या वर्षी सर्वांच्या आधी परत येऊन हरभऱ्यासाठी भांडते. भावांचा अबोला गाळपेरीच्या वाटणीवरून सुटतो आणि त्याच वाटणीवरून पुन्हा धरला जातो. घंटा काढून टाकली. बोलीसाठी आईला सगळे संवाद फोनवर वाचून दाखवते, ती मधेच थांबवून म्हणते, “असं तात्या बोलायचे, नाना न्हाई.”

नव्या चौदाव्या प्रकरणातला एक तुकडा येथे देते. कानामात्रा यांनी बिंदू पाहावेत.

‘सुतार दोन दिवस आमच्याकडंच जेवला. तुळई खाली आली की तो तिच्यावर हात फिरवायचा, मग गेरूचा आकडा घालायचा. एक, दोन, तीन. आम्ही मागं मागं आकडे म्हणायचो, शाळेत म्हणतात तसे. छप्पर गेल्यावर घरात ऊन आलं. ज्या कोनाड्यात दिवा ठेवायचे तिथं ऊन, ज्या खोलीत बायका बाळंत व्हायच्या तिथं ऊन. आई म्हणाली, आत जाऊ नका. आम्ही म्हटलं, आत कुठंय आता? सातवा आकडा घालून झाला तेव्हा ओढ्याचं पाणी पिंपळाच्या पारापाशी होतं. कालही तिथंच होतं.’

कानामात्रा

बिंदू जागेवर आहेत. माझ्याकडून एकही खूण नाही.

गाळपेर

ताई, तुकडा मी माझ्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवला. ‘कालही तिथंच होतं’ येथे तिने मला थांबवले आणि ती उठून आत गेली. यापेक्षा जास्त मी काही लिहीत नाही.

एक दुरुस्ती मात्र करावी. सुतार तुळईवर गेरूने आकडे घालणार नाही. घर उतरवायचे ते पावसाच्या तोंडावर, लाकूड नेणार उघड्या बैलगाडीतून, आणि नवे घर उभे राहीपर्यंत ते महिनोन्महिने उघड्यावर पडणार. गेरू पहिल्याच सरीत धुऊन जातो. आमच्या सुताराने पटाशीने रेघा पाडल्या होत्या, पहिल्या तुळईला एक, दुसरीला दोन, अशा. आणि त्याही टोकाशी, जो भाग भिंतीत जातो तेथे, म्हणजे घर उभे राहिल्यावर त्या दिसत नाहीत. त्याला आकडे लिहिता येत नव्हते. तुमच्या आजोळची तुळई अजून दारात आहे म्हणालात ना, तिची टोके पाहा.

भीमाकाठ

काका, रविवारी आजोळी गेले होते. तुळईचे एक टोक भिंतीला टेकलेले आहे आणि दुसऱ्यावर कुणीतरी कधीकाळी कुऱ्हाडीने लाकडे फोडली असावीत, त्यामुळे ते पार चिंबले आहे. दोघा मामांनी पहार घालून ती उलटी केली. भिंतीकडच्या टोकाला, खालच्या अंगाला, पटाशीच्या सात रेघा आहेत. त्यांत माती भरून घट्ट बसली होती, ती आईने डोक्यातल्या पिनेने काढली. गेरू तिला नक्की आठवत होता, म्हणून तिने बराच वेळ ते मानले नाही. मग म्हणाली की गेरू कदाचित दाराच्या चौकटीवर असेल, दिवाळीचा.

प्रकरणात ‘गेरू’ तीन ठिकाणी होता, तो काढला. सुताराला आकडे येत नाहीत आणि मुलांना येतात, यामुळे तो प्रसंग दीड पान वाढला आहे. पंधरावे प्रकरण सोमवारी पहाटे सुरू करते आहे. त्यात काकाच्या मित्राला रूळ उखडायला जायचे आहे, तेव्हा ‘जुना रूळ’ यांना विचारायचे होते, रूळ स्लीपरपासून सोडवताना आधी काय काढतात, आणि ते काम किती माणसे मिळून करीत?